पोचल्याचं कळेपर्यंत

मंडणगड
१८ डिसेंबर २००५

प्रिय शरीफे,

तुझी इद्दत परवा संपली. चार महिने दहा दिवस मी कॅलेंडरवर पेन्सिलीने मोजत होते. त्या दिवसांत तुला घराबाहेर पड म्हणणं बरं नव्हे, म्हणून गप्प होते. आता गप्प बसणार नाही.

फोन करत जा असं दीपक सांगतो. माझा हा भाचा शहाणा आहे, पण त्याला आत्याचे कान माहीत नाहीत. डावा गेलाच होता, आता उजवाही रजेवर निघालाय. फोनवर तू बोललीस की मला नुसती खरखर ऐकू येते. तेव्हा पत्रच लिही.

तर मुद्द्याचं. जुलैत तुझ्या फहादने तुम्हा नवराबायकोचं बोटीच्या सहलीचं तिकीट काढलं. ऑगस्टात हमीदभाई गेले. आता ती बोट जानेवारीत सुटणार, ती काही कोणासाठी थांबायची नाही. त्या तिकिटाचं काय केलंस? मागच्या तीन पत्रांत मी हेच विचारलं आणि तिन्ही वेळा तू 'माझं बरं आहे' एवढंच लिहून पाठवलंस. मेल्ये, शाळेत असं उत्तर देणाऱ्या मुलीला मी बाकावर उभी करायचे.

आणखी एक विचारायचं आहे. तू रडलीस का? दीपक मयतीला तुमच्याकडे आला होता. तो म्हणाला, शरीफामावशी आलेल्या बायकांना पाणी देत फिरत होती. ते ऐकल्यापासून मला बरं वाटत नाही.

तुझी
कमळा


भाट्ये
२४ डिसेंबर २००५

प्रिय कमळे,

सलाम. माझं बरं आहे. आता कर बाकावर उभी.

रडले नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल होतो तसं आहे बघ. आपलाच असतो, पण हात लावला तर दुसऱ्या कोणाचा वाटतो. सकाळी उठते, नमाज होते, चहा होतो. सखू टोपली घेऊन दारात येते, तिच्याकडून मी अजून दोघांपुरते बांगडे घेते. मग संध्याकाळी उरलेले मांजराला. रोज घेताना कळतं की जास्त आहेत, तरी घेते.

तिकिटाचं सांगते. फहाद म्हणाला, अम्मी, तिकीट रद्द करतो, घराला कुलूप लाव आणि मुंब्र्याला चल. अलफियापण आग्रह करते. सून चांगली आहे, तिच्याबद्दल काही म्हणायचं नाही. मी म्हटलं, बघू. तो म्हणाला, बघू काय, चार महिन्यांत दाराबाहेर पाऊल नाही, तू इथे एकटी राहणार कशी? मी म्हटलं, बोटीवर एकटी जाऊन आले तर? असंच तोंडातून आलं. तो म्हणाला, जाऊन ये. तो दिवस आणि पुढचे चार दिवस एकटीने काढलेस तर घराचा विषय मी परत काढणार नाही. मध्येच मागे फिरलीस तर मात्र मुंब्रा. मी हो म्हटलं.

का म्हटलं ते मला विचारू नकोस. घर राहिलं काय आणि गेलं काय, मला दोन्ही सारखंच वाटतं.

तिकिटाच्या पाकिटात फहादच्या अब्बांच्या हातची एक यादी मिळाली. बोटीवर चढायच्या दिवशी काय करायचं त्याची.

शरीफा


मंडणगड
३० डिसेंबर २००५

प्रिय शरीफे,

तुला सारखंच वाटतं ना, मग माझं ऐक. मला सारखं वाटत नाही. ते घर बांधलं तेव्हा हमीदभाई ब्राझीलच्या बाजूला कुठल्यातरी बोटीवर भात शिजवत होते आणि चिरे उतरवून घ्यायला तुझ्याबरोबर उन्हात मी उभी होते. गवंड्याशी भांडले ती मी. आजही रत्नागिरीच्या स्टँडवर उतरले की मला दुसरीकडे जाताच येत नाही. तू मुंब्र्याच्या चौथ्या मजल्यावर जाऊन बसलीस तर मी कोणाच्या दारात चप्पल काढायची, सांग मला.

तेव्हा तू बोटीवर जाणार आहेस. तुला काही वाटो न वाटो, जायला पायच लागतात ना.

ती यादी मला उतरवून पाठव. सगळी. एकही ओळ गाळायची नाही, गाळलीस तर मला कळेल.

कमळा


भाट्ये
५ जानेवारी २००६

प्रिय कमळे,

यादी पाठवते. वर 'बोटीवर चढायच्या दिवशी' असं लिहून खाली रेघ मारली आहे. मग असं.

१. सकाळी भरपेट जेवायचं नाही. चहा आणि पाव. बोट हलते ती आधी पोटात.
२. चढायच्या शिडीला गँगवे म्हणतात. तिच्यावर असताना खाली पाण्याकडे बघू नये. पुढच्याची पाठ बघावी. पुढे मीच असेन.
३. सपाट चप्पल. ती सोनेरी टाचेची घरी.
४. तिकीट, फोटोचं ओळखपत्र, भरलेला फॉर्म. माझी नल्ली लागणार नाही. आता आपण पॅसेंजर.
५. चटणी, लोणचं, डबा काही घ्यायचं नाही. एकदा तरी दोघांनी दुसऱ्याच्या हातचं खाऊ.
६. बॅग मी भरणार. एकतीस वर्षं तू भरलीस. तू खुर्चीत बसून फक्त सांग.

नल्ली म्हणजे त्यांचं ते खलाशाचं नोकरीचं बुक, तू बघितलं आहेस. आणि पाचवं वाचून तुला हसू येईल, कारण ते स्वतः बोटीवर सगळ्यांना जेवू घालायचे, तरी दर वेळी इथून माझ्या हातची सुक्या जवळ्याची चटणी घेऊन जायचे.

यादी दोनदा वाचली आणि पिठाच्या डब्याखाली ठेवली. काही झालं नाही.

कमळे, खोलीत दोन पलंग आहेत. दुसऱ्या तिकिटावरचं नाव बदलून मिळतं असं फहाद म्हणतो. तू चल ना.

आणि एक आठवलं. ते बोटीवर निघाले की पोचल्याची तार येईपर्यंत मी घरात झाडू लावत नसे. कधी चार दिवस, एकदा तर बावीस दिवस. माझी सासू तसंच करायची. मागे झाडलं की गेलेल्या माणसाची परत यायची वाट पुसली जाते, असं ती सांगायची. आता जाणार मी. माझ्यामागे घरात झाडणारं कोणी नाही आणि न झाडता थांबणारंही कोणी नाही. तक्रार नाही ही. लिहिता लिहिता डोक्यात आलं.

शरीफा


मंडणगड
१० जानेवारी २००६

प्रिय शरीफे,

उद्या बकरीद. तुम्हा सगळ्यांना मुबारक.

मी येणार नाही. गुडघ्यांचं कारण देणार होते, पण तुझ्याशी खोटं बोलून पचत नाही. दोन नंबरला जी पाठ लिहिली आहे ती माझी नव्हे. त्या पलंगावर मला झोप लागायची नाही. नाव बदलू नका, जागा रिकामी राहू दे.

झाडूचं वाचून मात्र मी हसले. अगो, बत्तीस वर्षं मी पोरांना विज्ञान शिकवलं. समुद्रात हजार मैलांवर असलेल्या बोटीला तुझ्या भाट्यातल्या केरसुणीचं काय पडलंय? एवढी शिकलेली तू, मॅट्रिकला गणितात माझ्याहून चार मार्क जास्त घेतलेस. सासूबाईंचं सासूबाईंबरोबर गेलं असं धर.

बॅग आतापासून भरायला घे. शेवटच्या दिवशी तुझी धांदल होईल आणि निम्मं राहील.

कमळा


भाट्ये
१६ जानेवारी २००६

प्रिय कमळे,

तू सांगितलंस तशी बॅग भरून ठेवली. ती हिरवी कॅनव्हासची. अर्ध्या तासात झाली, हातांना काही सांगावं लागलं नाही. निम्मं राहील म्हणालीस, पण काही राहिलेलं नाही.

फहादने कागद पाठवले. मंगळवारी, चोवीस तारखेला, बारा वाजता मुंबईच्या बंदरावर हजर व्हायचं. बॅगेला कंपनीची पट्टी बांधायची, तिच्यावर नाव आणि खोलीचा नंबर. बॅग तपासून झाली की तिथेच हमालाकडे द्यायची, ती आपोआप खोलीत येते. मग खिडकीवर ओळखपत्र दाखवायचं, ते एक कार्ड देतात, तीच खोलीची किल्ली. एक फॉर्म तब्येतीचा आहे. ताप आहे का, खोकला आहे का, उलट्या होतात का. मी सगळीकडे नाही लिहिलं. शेवटी 'इतर काही त्रास' असं आहे. तिथेही नाही लिहिलं. शनिवारी फहाद मला न्यायला येतो.

झाडूचं वाचून तू हसलीस. हसण्यासारखंच आहे. पण एक मी तुला सांगितलं नव्हतं. आठ ऑगस्टला सकाळी ते खोबरं आणायला बाजारात निघाले. रिटायर झालेला माणूस, रिक्षाने बाजारात जाणार आणि तासात परत येणार. त्यासाठी कोण थांबतं? रिक्षा वळणाच्या पुढे गेली नसेल, मी झाडू घेतला. पडवी झाडली, मधलं घर झाडलं. केर भरत होते तेव्हा दुकानदाराचा माणूस सांगायला आला.

मला विज्ञान कळतं, कमळे. छाती त्यांची आधीच खराब होती, डॉक्टरने सांगितलंच. तरी मी त्या दिवशी झाडलं.

शरीफा


मंडणगड
१९ जानेवारी २००६

शरीफे,

घाईने कार्ड टाकते आहे, तू निघायच्या आत पोचेल की नाही देव जाणे. तुझ्या त्या गोष्टीचं उत्तर उघड्या कार्डावर लिहीत नाही. पोस्टमन बाबल्या सगळी कार्डं वाचतो.

कोणत्या साड्या घेतल्यास? ती मोतिया रंगाची घेतलीस ना, फहादच्या लग्नातली? आणि शाल घे, बोटीवर वारा असणार.

कमळा


भाट्ये
३० जानेवारी २००६

प्रिय कमळे,

मी परत आल्यावर तुझं कार्ड दाराखाली मिळालं. कोणत्या साड्या घेतल्यास म्हणून विचारलंयस. एकही नाही.

क्रमाने सांगते. मंगळवारी सकाळी मुंब्र्याला चहा घेतला आणि पाव खाल्ला. अलफियाने शिरा केला होता, तो खाल्ला नाही. सपाट चप्पल घातली. फहादने बंदराच्या गेटापर्यंत सोडलं, पुढे तिकीटवाल्यांनाच सोडतात. तो म्हणाला, अम्मी, बोट सुटेपर्यंत मी इथेच आहे, वाटलं तर परत ये. आत मोठा हॉल होता. लोक नटूनथटून आलेले, फोटो काढत होते. मी पट्टी बांधली, बॅग मशीनवर ठेवली. बॅग आत गेली आणि मशीन थांबलं. गणवेशातल्या एका बाईने मला बाजूला बोलावलं. म्हणाली, आत ब्लेड दिसताहेत, उघडून दाखवा. मी म्हटलं, माझ्या बॅगेत ब्लेड कशाला असतील? आणि उघडली.

वरच त्यांचा दाढीचा डबा. खाली दोन लुंग्या, चार शर्ट, बनियन. थंड मुलखात लागणारा तो राखाडी स्वेटर. सुईदोऱ्याची डबी. नल्ली, फडक्यात गुंडाळलेली. आणि कोपऱ्यात जवळ्याच्या चटणीची बाटली, फडकं बांधून वर प्लास्टिकची पिशवी, तेल झिरपू नये म्हणून. एकतीस वर्षं ज्या क्रमाने भरत आले त्याच क्रमाने. चटणी मी कधी कुटली तेही मला आठवत नव्हतं. माझा साधा रुमाल नव्हता त्यात.

बाईने विचारलं, हे सामान कोणाचं? मी म्हटलं, मिस्टरांचं. ते कुठे आहेत? मी म्हटलं, ते नाही आले. सामान आलंय.

मला त्या वेळी यादीतलं सहावं आठवलं. बॅग मी भरणार, तू खुर्चीत बस. आणि मला राग आला. खरोखरचा राग. दरवेळी म्हणायचे, पुढच्या खेपेला नेतो. आता नेतो म्हणाले, बॅग भरतो म्हणाले, तेही नाही. माझ्या तोंडून मोठ्याने आलं, लबाड मेला.

तुला माहीत आहे, हा शब्द माझ्या तोंडात कायमचा. मांजराला मेलं, चूल पेटली नाही तर मेली, आणि त्यांना तर दिवसातून चार वेळा, ते हसायचे. त्या हॉलमध्ये तो माझा मलाच ऐकू आला. लबाड मेला. मेला, कमळे. पाच महिने लोक मला गेले, गुजरले, अल्लाला प्यारे झाले असं सांगत होते आणि मी मान हलवत होते. हा एक शब्द कोणी बोललं नव्हतं.

मी तिथे बाकावर बसले आणि रडले. किती वेळ ते माहीत नाही. नटलेले लोक रांगेतून मागे वळून बघत होते. त्या बाईने पाणी आणून दिलं. मी लोकांना दिलं होतं, तसंच तिने मला दिलं.

मग ती म्हणाली, खिडकी अर्ध्या तासात बंद होईल. मुलगा गेटावर आहे ना, परत जायचं असेल तर आत्ताच जा. नेसायला तुमच्याकडे काही नाही. बरोबरच होतं तिचं. गेट पाच मिनिटांवर होतं. गेटाबाहेर फहाद, पुढे टॅक्सी, मग चौथा मजला. मी उठले, आणि मला ते नको होतं. पाच महिन्यांत पहिल्यांदा दोन गोष्टींतली एक मला नको वाटली. मला माझं घर हवं होतं. तू गवंड्याशी भांडून घेतलेलं. मी बॅगेची चेन लावली.

ब्लेड त्यांनी ठेवून घेतली. बाटली त्या बाईने हुंगली, माझ्याकडे बघितलं आणि परत आत ठेवली. खिडकीवरच्या मुलीने यादीतून नावं वाचली, हमीद, शरीफा, आणि विचारलं, दोघं? मी म्हटलं, एक. गँगवेवर माझ्यापुढे कोणी लठ्ठ गृहस्थ होते, निळा कोट. त्यांच्या पाठीकडे बघत चढले. खाली बघितलं नाही.

पुढच्या दिवसांचं सांगण्यासारखं फार नाही. अंगावरची साडी खोलीतल्या नळावर धुवायची, वाळेपर्यंत त्यांची लुंगी आणि स्वेटर घालून बसायचं. दुसरा पलंग तसाच होता, चादर न मोडलेली. गोवा आलं, लोक उतरले, मी उतरले नाही. बेटं आली तेव्हा उतरले, पाणी बघितलं, हिरवं होतं. बोटीवरच्या आचाऱ्यांच्या हातचं जेवले, चटणी लावून. सगळा वेळ रडत होते असं समजू नकोस. बराच वेळ नुसतीच बसून असायची. गाल अजून बधिर आहे, पण कडेकडेने दुखायला लागलाय.

शनिवारी परत आलो. फहाद गेटावर होता. बॅग उचलून म्हणाला, ही अब्बांची ना? मी म्हटलं, हो, आणि आता मला भाट्याला पोचव. काल रात्रीची गाडी धरून आज सकाळी पोचले.

घरात नऊ दिवसांची धूळ आहे. झाडू काढला आणि परत ठेवला. तुला पत्र टाकल्यावर बघू.

शरीफा


मंडणगड
३ फेब्रुवारी २००६

प्रिय शरीफे,

पत्र आज अकरा वाजता आलं. बाबल्याच्या हातातून मी ओढूनच घेतलं.

तू निघालीस त्या शनिवारपासून या घरात मी झाडू लावू दिलेला नाही. आज चौदावा दिवस. दीपकच्या बायकोने, आरोहीने, पहिल्या दिवशी झाडू घेतला तो मी तिच्या हातातून काढून माळ्यावर टाकला. अंगणातला खराटा न्हाणीमागे लपवला. ती दीपकला म्हणाली, आत्यांना डॉक्टरकडे नेऊ या. म्हणाली, शाळेत स्वच्छतेवर भाषणं देणारी बाई ही. मी कारण सांगितलं नाही. काय सांगणार होते? अंगणात फणसाचा पातेरा घोट्यापर्यंत आलाय, घरात चालताना पायाखाली माती कुरकुरते, कोपऱ्यात मुंग्यांनी वारूळ मांडायचं बाकी ठेवलंय.

तुझ्या आठ ऑगस्टचं उत्तर मी रोज लिहायला घेत होते आणि रोज फाडत होते. तू झाडलंस म्हणून हमीदभाई गेले नाहीत. हे खरं आहे, आणि हे मी तुला शंभर वेळा लिहून द्यायला तयार आहे. न झाडल्याने कोणी परत येत नाही, हेही खरं आहे. बत्तीस वर्षं मी हेच शिकवलं. तरी चौदा दिवस मला त्या झाडूला हात लावू देण्याची हिंमत झाली नाही.

आपण दोघी हसण्यासारख्या आहोत, मेल्ये. पण मी त्या पत्रात हसले, त्याची मला लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात मी येते. चप्पल तुझ्याच दारात काढणार आहे. उरलेली चटणी संपवू नकोस.

तू पोचल्याचं कळलं. आरोही दारात उभी राहून माळ्याकडे बघतेय, तेव्हा आता थांबते. आधी तू तुझं घर झाड. मी माझं झाडते.

कमळा